सांडशीत लपलेला डास

प्रश्न थोडक्यात असा आहे: गॅसवरून पातेलं उतरवायच्या हत्याराला आपण सांडशी का म्हणतो? विचारणाऱ्या ताईंच्या सासूबाई सांगतात की दूध, आमटी सांडू नये म्हणून ती सांडशी. सासरे तिला पक्कडच म्हणतात आणि सांडशी हा शब्द गावंढळ आहे असंही वर ऐकवतात. मग मूळ शब्द कोणता, त्याचा अर्थ काय आणि तो आला कुठून?

दोघांना निम्मे निम्मे गुण देऊन घरातली शांतता राखावी असं मनात होतं, पण जमत नाही. सासूबाईंची व्युत्पत्ती गोड आहे आणि चूक आहे. सासऱ्यांचं मत नुसतंच चूक आहे. शब्दकोशाच्या कामात तीसएक वर्षं काढल्यावर काही शब्द घरच्यांसारखे होतात, सांडशी त्यातली. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आधी सासूबाई. मराठीत हत्यारांना नावं कशी पडतात ते ओट्यावरच बघा. लाटतं ते लाटणं, उलथतं ते उलथणं, किसते ती किसणी, चाळते ती चाळणी, गाळते ती गाळणी. हत्यार जे करतं त्याचं नाव त्याला मिळतं, जे होऊ देत नाही त्याचं नव्हे. पोळी करपू नये म्हणून आपण उलथणं हातात धरतो, पण त्याला कुणी ‘करपणं’ म्हटलेलं नाही. सांडण्यावरून नाव पडायचं असतं तर ते ‘सांडणी’ पडलं असतं आणि त्याचा अर्थ झाला असता, जी सांडते ती. असलं हत्यार पैसे देऊन कोण घेईल? शिवाय सांडणी हा शब्द उंटिणीनं आधीच अडवून ठेवला आहे. क्रियापदाला ‘शी’ चिकटवून हत्याराचं नाव करायची रीत तर मराठीत नाहीच.

आता शेजाऱ्यांकडे डोकावू. गुजरातीत हिला साणसी म्हणतात, हिंदीत सँड़सी, बंगालीत साँड़ाशी. गुजराती घरात दूध ‘ढोळाय’, हिंदी घरात ते ‘गिरता है’. ‘सांडलं’ हे फक्त आपल्याकडे होतं. तरी भांडं धरायच्या हत्याराचं नाव या सगळ्या घरांत सारखंच. म्हणजे हे नाव मराठीतल्या सांडण्यावरून पडलेलं असणं शक्य नाही. ते मराठी, गुजराती, बंगाली वेगळ्या होण्याच्या आधीपासूनचं आहे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. सांडणे या क्रियापदाचा जुना अर्थ सोडणे, टाकून देणे असा होता. पसायदान आपल्या सगळ्यांना पाठ आहे: ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. 1290 सालच्या मराठीत खळांचा वाकडेपणा ‘सांडो’ म्हणजे सुटो, गळून पडो. सांडपाणी या शब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. ते सांडलेलं पाणी नसतं, टाकून दिलेलं पाणी असतं. या क्रियापदाचं मूळ संस्कृतातल्या ‘छर्द्’ धातूत आहे. छर्द् म्हणजे ओकणे. प्राकृतात त्याचं ‘छड्ड’ झालं, अर्थ सैल होऊन टाकणे, सोडणे असा झाला आणि मराठीत येताना छ चा स झाला. ही मराठीची जुनी खोड. हिंदी माणसाची छुरी ती आपली सुरी, प्राकृतातला मच्छ तो आपला मासा. म्हणजे सांडण्यातला स हा एके काळचा छ आहे. सांडशीतला स मात्र पहिल्यापासून स च आहे. कानाला दोन्ही सारखे लागतात, पण घराणी वेगळी. अर्थही अगदी उलटे: सांडणं म्हणजे सोडणं, आणि सांडशीचं तर सगळं जिणं धरून ठेवण्यात.

मग खरं घराणं कोणतं? संस्कृतात शब्द आहे संदंश. सम् म्हणजे मिळून, एकत्र. दंश म्हणजे चावा. दोन्ही बाजूंनी मिळून घेतलेला चावा तो संदंश, आणि असा चावा घेणारं हत्यारही संदंश. सापानं दंश केला म्हणतो तोच हा दंश. सांडशी पातेल्याला धरते असं आपण म्हणतो, पण ज्यानं नाव ठेवलं त्याला ती पातेल्याचा काठ चावताना दिसली होती. हातात घेऊन बघा. दोन लांब पाय, वर एक खिळा, खिळ्यापलीकडे दोन आखूड वाकडे जबडे, जबड्यांना आतून दात. पाय मिटले की तोंड मिटतं. पाय लांब आणि तोंड आखूड, त्यामुळे मुठीतला थोडा जोर तोंडाशी कितीतरी वाढून पोचतो. आपली अडकित्त्याची युक्तीही हीच, फक्त तिथं खिळा टोकाला असतो.

संदंशाची सांडशी कशी झाली याची वाट सरळ आहे, फक्त एका ठिकाणी वळण आहे. दंश या धातूतला द प्राकृतात ड होतो. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात त्यासाठी स्वतंत्र सूत्रच केलं आहे: दंश आणि दह या धातूंतल्या द चा ड. म्हणून आपण डसणे म्हणतो, दसणे नाही. आणि म्हणून दंशाचा झाला डास. संध्याकाळी मुळा-मुठेच्या काठावर जे ढगानं उठतात ते डास म्हणजे शब्दशः चावे. त्याच चालीनं संदंशाचं पालीत आणि प्राकृतात झालं संडास. हसू आलं तर येऊ द्या. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी चिमट्याला संडास म्हणत असत, आणि आजच्या दुसऱ्या अर्थाच्या संडासात आपण इथे शिरायला नको.

पुढचं मराठीनं केलं. सं चं सां झालं, जसं संध्येचं सांज झालं, संधीचा सांधा झाला. मधला आकार उच्चारात दबला आणि हातात आला सांडस. मोडून बघितलं तर सां अधिक डास. पातेलं चावणाऱ्या हत्याराच्या पोटात चावणारा डास बसलेला आहे, आणि हा माझा शब्दखेळ नव्हे, खरोखरचं नातं आहे. याच कुळातली तोंडातली दाढसुद्धा. दंष्ट्रा म्हणजे चावायचं साधन, प्राकृतात दाढा, मराठीत दाढ. तिथं मात्र पहिला द टिकला. असं का झालं म्हणून विचारू नका, भाषा सगळ्या भावंडांना सारखं वागवत नाही.

राहिला श. सांडस मध्ये स आहे, मग सांडशी मध्ये श का? म्हैस, पण म्हशी. घूस, पण घुशी. दिवस, पण दिवशी. लोहाराची कानस, पण कानशीनं घासायचं. मराठीत स पुढे ई आली की स ला राहवत नाही, तो श होतो. त्यामुळे गंमत अशी झाली की मुळात दंश मध्ये श होता, प्राकृतानं त्याचा स केला आणि मराठीच्या ई नं तो परत श करून दिला. संस्कृतातला श जपून ठेवला म्हणून नव्हे, आपल्या स्वतःच्या सवयीमुळे. कुणी सांडसी लिहिलेलं जुन्या कागदांत दिसलं तर ते अशुद्ध समजू नका, ती फक्त ई चा परिणाम होण्याआधीची पायरी आहे.

ती ई कशाला लागली हे मला पुस्तकात आधी कळलं होतं, पण पटलं ते कसबा पेठेत. काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या बंबाची तोटी गळायला लागली म्हणून तांबट आळीत गेले होते. त्या आळीत शिरलं की आधी कान भरतात. तांबं ठोकून ठोकून कडक होतं आणि तसंच ठोकत राहिलं तर चिरतं, म्हणून मधूनमधून भट्टीत घालून लाल करून त्याला मऊ करावं लागतं. एक वयस्कर कारागीर हंड्याचं बूड भट्टीतून बाहेर काढत होते. हातात हातभर लांबीचं लोखंडी हत्यार, तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं. दोन्ही पायांवरून एक लोखंडी कडी सरकवलेली. कडी अशी सरकवली की तोंड आवळलेलंच राहतं, मूठ दाबून हात दुखवून घ्यावा लागत नाही.

“याला काय म्हणता?” मी विचारलं.

“सांडस.”

“आणि स्वयंपाकघरात असते ती?”

“ती सांडशी.” मग नजर भट्टीवरून न काढता म्हणाले, “हा बाप्या, ती बाई.”

लिंगविचाराचा इतका आटोपशीर धडा मी वर्गात कधी ऐकला नव्हता. मराठीत मोठं ते पुल्लिंगी आणि त्याचं लहान रूप ईकारान्त स्त्रीलिंगी. हंडा-हंडी, डबा-डबी, विळा-विळी, सुरा-सुरी, सांडस-सांडशी. म्हणजे शब्द आधी भट्टीपाशी होता. ऐरण, घण, भाता यांच्या संगतीत वाढला आणि लहान होऊन चुलीपाशी आला. तुमच्या सासूबाईंच्या व्युत्पत्तीला हाही एक अडसर आहेच. लोहाराच्या सांडशात लाल झालेलं लोखंड असतं, त्यात सांडण्यासारखं काय असतं?

भट्टीच्याही आधी हा शब्द कुठे कुठे फिरून आला आहे ते बघण्यासारखं आहे. अथर्ववेदाच्या नवव्या कांडात घराविषयीचं एक सूक्त आहे, त्यात घराच्या बांधणीतल्या पकडींना संदंश म्हटलं आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात नरकांची यादी येते. त्यातला एक नरक आहे संदंश. सोनं, रत्नं चोरणाऱ्याची कातडी तिथं तापलेल्या लोखंडी सांडशांनी सोलतात. पण या शब्दानं खरं नाव काढलं ते वैद्यांकडे.

सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेच्या यंत्रांची मोजदाद आहे, एकूण 101. त्यात संदंश यंत्रं दोन, प्रत्येकी 16 अंगुळं लांब. एक अंगुळ पाऊण इंचाचं धरलं तर फूटभर. काम काय, तर त्वचा, मांस, शिरा, स्नायू यांत रुतलेलं शल्य ओढून बाहेर काढणं. या दोघांना सुश्रुत सनिग्रह आणि अनिग्रह म्हणतो. पुढे वाग्भटानं अष्टांगहृदयात तीच गोष्ट डोळ्यांना दिसेल अशी सांगितली: एक कीलबद्ध, दुसरा विमुक्ताग्र. एक खिळ्यानं जोडलेला, दुसऱ्याची टोकं मोकळी. आता ओट्याखालचा खण उघडा. खिळ्याची ती सांडशी आणि बिनखिळ्याचा तो फुलके उलटायचा चिमटा. दोघं शेजारी शेजारीच पडलेले असतील.

त्याच यादीत 24 स्वस्तिक यंत्रं आहेत. तीही दोन पायांची, पण त्यांची तोंडं प्राण्यापक्ष्यांच्या तोंडासारखी आणि नावंही तशीच: सिंहमुख, व्याघ्रमुख, काकमुख, कंकमुख. हत्याराला तोंड असतं आणि ते चावतं, ही कल्पना तेव्हा किती सहज होती ते यावरून कळतं. आणि त्यांचे दोन पाय कशानं जोडायचे, तर मसुरासारख्या खिळ्यानं. हे वाचलं त्या दिवशी मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि सांडशी उजेडात धरली. गोल, चपटा, मधे जरासा फुगीर. मसूरच.

आता कुणी विचारेल, एवढ्या जुन्या हत्याराची आपल्या स्वयंपाकघरातच इतकी चलती का? कारण आपली भांडी बिनदांड्याची. पातेलं, तपेलं, भगुणं, कुकरचे डबे, कशालाच मूठ नाही. मूठ नाही म्हणूनच ती एकात एक बसतात आणि दहा पातेल्यांची उतरंड एका कोनाड्यात मावते. प्रत्येक भांड्याला वेगळी मूठ जोडण्याऐवजी आपण सगळ्यांना मिळून एक सुटी मूठ ठेवली. त्या मुठीला काठ मात्र चावता आला पाहिजे. जुन्या पितळी पातेल्यांचा काठ जाड आणि बाहेर वळवलेला असायचा, सांडशीचे दात त्यात नीट रुतायचे. हल्लीच्या पातळ स्टीलच्या भांड्यांना नुसती कड असते, तिथं ती घसरते. नॉनस्टिकचं तर विचारूच नका, आतल्या लेपावर ओरखडे उठतात. म्हणून दांड्याची भांडी आली आणि नव्या घरांतून सांडशी खणाच्या तळाशी गेली.

सासऱ्यांच्या पक्कडीबद्दल आता. पक्कड हा पकडणे या क्रियापदाचा शब्द. भावनाम पकड, आणि हत्यार झालं की क ला जोर चढून पक्कड. चांगला शब्द आहे, कित्येक पुणेरी घरांत चालतो, त्यात गैर काही नाही. पण तो वयानं लहान आहे आणि कामानं मोघम. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात ‘पक्कड द्या’ म्हणा, तारा कापायची पक्कड समोर येईल. तुळशीबागेच्या बाजूला भांड्यांच्या दुकानात तेच म्हणा, ‘सांडशी का?’ म्हणून दुकानदार उलट विचारेल. सांडशी म्हटलं की कुणालाच काही विचारावं लागत नाही. चिमटा हा तिसराच: चिमूट, चिमटी, चिमटा एका घरचे, त्यात बोटांच्या टोकांनी धरणं आहे, दातांनी नाही. फुलका उलटायला ते पुरतं. उकळत्या आमटीचं पातेलं चिमट्यानं उचलायला जाऊ नका.

गावंढळ म्हणायचं तर कशाला? दरबारी फारसीतून आलेले शब्द भारदस्त वाटतात, इंग्रजीतले आधुनिक वाटतात, आणि जो शब्द वेदांपासून भट्टीमार्गे चालत चुलीपर्यंत आला तो अडाणी वाटतो. हे आपलं नेहमीचंच. 1857 च्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बायकांच्या तोंडचे, कारागिरांच्या तोंडचे असे हजारो शब्द मानानं बसलेले आहेत. आपल्या घरात मात्र त्यांना बसायला पाट मिळत नाही.

एक गोष्ट सासूबाईंच्या बाजूनंही सांगितली पाहिजे, नाहीतर मला झोप लागायची नाही. माझ्या आईची सांडशी माझ्याकडे आहे, लोखंडी, पन्नासएक वर्षांची. गेल्या पावसाळ्यात तिनं दगा दिला. दुधाचं पातेलं उतरवताना काठ सुटला आणि लिटरभर दूध ओट्यावरून खाली. फरशी पुसता पुसता सासूबाईंची व्युत्पत्ती मला अगदी पटत आली होती.

खिळा ढिला झाला असेल म्हणून ती मंडईमागे चाकू-सुऱ्यांना धार लावणाऱ्या एका माणसाकडे नेली. त्यानं दोन्ही पाय धरून ती दोनदा उघडमिट केली, तोंड उजेडाकडे केलं आणि म्हणाला, “खिळा ठीक आहे ताई. तोंड झिजलंय. चावत नाही ती आता.”

मी काही बोलले नाही. त्यानं कानस घेतली आणि दोन्ही जबड्यांच्या आत आडव्या बारीक रेघा पाडल्या, खिळ्यावर सवयीनं एक ठोका मारला आणि वीस रुपये घेतले. घरी येऊन रिकाम्या पातेल्याला लावून पाहिली. उचलून परत खाली ठेवलं तेव्हा काठावर, आत एक आणि बाहेर एक, असे दोन ताजे चरे उठले होते.